खिंडीतली तिसरी सनई

एका खिंडीखाली एक गाव होतं. भर दुपारी दरीतून धुकं वर यायचं आणि स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा व्हायचा. वाटेच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला कडा. म्हणून वेशीवर बसून एक म्हातारा सनई वाजवायचा. वाटसरू सनईच्या रोखाने चालत सुखरूप घरी यायचे.

म्हातारा रोज एकच चाल वाजवायचा, बापाने शिकवलेली. तीस वर्षांत तिच्यातला एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता.

पुढे गावात एक तरुण सनईवाला राहायला आला आणि तोही वेशीवर बसू लागला. तो ऐन वेळी सुचेल ते वाजवायचा. झालं, लोकांत वाद सुरू झाला. यांच्यात मोठा कोण?

म्हातारा त्याला चिडवायचा, "काल काय वाजवलंस, ते आज आठवतं का रे?"

"नाही आठवत. पण काका, तुम्हाला दुसरं काही आठवतं का?"

एक थांबल्याशिवाय दुसरा वाजवत नसे. आपल्या चालीत दुसऱ्याची फुंक म्हाताऱ्याला खपत नसे.

एके दिवशी म्हाताऱ्याची लेक तान्हं बाळ घेऊन माहेरी यायची होती. धुकं चढलं तसा तो वाजवू लागला. थोड्या वेळाने कड्याकडूनही तीच चाल ऐकू आली. घुमत असेल, असं वाटून त्याने सनई ओठांवरून काढली.

चाल थांबली नाही.

त्याचीच मुरकी, त्याचाच दम घ्यायचा थांबा. तीस वर्षं ऐकून ऐकून धुक्याने ती पाठ केली होती.

"आबा, आले हो!" लेकीची हाक आली. हाक कड्याकडे सरकत होती.

"इकडे ये, बाई!" म्हातारा ओरडला.

"इकडे ये, बाई," कड्याकडून त्याच्याच आवाजात कोणी म्हणालं.

म्हातारा वेशीवर बसलेल्या तरुणाकडे वळला. "पोरा, तू वाजव. माझं सगळं त्यानं घेतलंय."

तरुणाने वाजवलं. धुक्यातून लेक घाबरून म्हणाली, "कोण वाजवतंय? हे माझे आबा नाहीत." आणि पावलं कड्याकडे वळली.

"काका, ती मला ओळखत नाही. तुमचीच चाल धरा. मी तिच्यात येतो."

"माझ्या चालीत?" म्हाताऱ्याने सनई पुन्हा उचलली. "ये. लवकर ये."

म्हाताऱ्याने चाल धरली. तरुणाची सनई तिच्याभोवती फिरू लागली, कधी पुढे, कधी मागे, दर वेळी वेगळी. कड्याकडून मात्र नुसती जुनी चाल येत राहिली.

पावलं थबकली. मग वळली. बाळाला छातीशी घट्ट धरून लेक वेशीत आली.

"दोन्हीकडून तुम्हीच वाजवत होता, आबा," ती म्हणाली. "पण इकडे कोणीतरी तुमच्याशी बोलत होतं."

त्या दिवसापासून दोघे एकाच घोंगडीवर बसून वाजवू लागले. धुकं चढलं की कड्याकडे अजून एक सनई वाजते. तिकडे आता कोणी जात नाही.

तात्पर्य: जुनं जपणारा मोठा की नवं रचणारा, हे मोजत बसू नये. जुन्याने आपलं माणूस ओळखू येतं, नव्याने ते जिवंत असल्याचं कळतं.