कोल्हापुरीची युक्ती

चपला पायांशिवायही चालत असत, त्या काळची ही गोष्ट. एका घरात गुंड्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू आलं. त्याला दात येत होते. आल्या आल्या त्याने पायपुसण्याचा कोपरा फस्त केला, मग खुर्चीचा पाय कुरतडला. दारातल्या चपलांची पाचावर धारण बसली.

नव्याकोऱ्या कोल्हापुरीने सभा बोलावली. "आबांची जुनी चप्पल नाहीतरी झिजलीच आहे. ती त्याला देऊन टाकू, म्हणजे आपण वाचू."

"अगं, त्याला सुंभाची गाठ द्या," अर्धं उरलेलं पायपुसणं म्हणालं. "एकदा का चामड्याची चव लागली, की..."

"लोकांच्या पायाखाली राहणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये!" कोल्हापुरी कडाडली.

सगळ्यांनी मिळून जुन्या चपलेला पुढे ढकललं. गुंड्या शेपूट हलवत तिच्यावर तुटून पडला. घरात शांतता झाली आणि कोल्हापुरीचा सत्कार झाला.

जुनी चप्पल संपली, तेव्हा गुंड्या थेट दाराशी आला. सगळ्यांना हुंगून त्याने कोल्हापुरीचा अंगठा दातांत धरला.

"अरे मेल्या, सोड! मी नवी आहे, नवी!"

"तरीच," गुंड्या म्हणाला, "जास्त चविष्ट लागतेय."