गव्हाच्या ओळींतली उघडी जागा

काशीची गादी ब्रह्मदत्त राजाकडे होती, त्या काळी बोधिसत्त्व एका खेड्यात सोणक नावाचा शेतकरी होऊन राहिला होता. बायको उत्तरा. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. गव्हाच्या पेरणीला तो तिफण हाकी आणि ती मागून चालत तिफणीवरच्या चाड्यात मुठीनं बी सोडी. दोघं भांडत रोज, पण पेरणी एकदाही अडली नाही.

थोरले दोघे मुलगे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेले, ते तिकडेच संसाराला लागले. उरला धाकटा पिंगल. उत्तरेचे गुडघे धरल्यापासून चाड्यावर तोच.

त्या वर्षी गहू उगवला आणि सोणकाने बांधावरून पाहिलं, तर रस्त्याकडच्या टोकाला प्रत्येक ओळीत दोन-दोन हात जागा उघडी. उंदीर काही असं मापून खात नाहीत. रस्त्याने तांडे जात; तिथं आलं की पोराची मान वळे आणि मूठ थांबे.

"जायचंय तुला?" सोणकाने विचारलं.

"मी गेल्यावर तुमच्या मागं कोण, बाबा?" पिंगल खाली बघत म्हणाला.

सोणक घाबरला. पोरगं गेलं तर शेत पडीक पडायचं. गावातच राहणारा मेहुणा म्हणाला, "दाजी, खाटेवर पडून कण्हा. हलतंय कुठं पोरगं!"

सोणक पडलासुद्धा. पिंगलने जाण्यासाठी गुपचूप बांधलेलं गाठोडं सोडून ठेवलं आणि बापाचे पाय चेपायला बसला. ते काही म्हाताऱ्याला सोसवेना. तो उठून बसला.

"सोड पाय. मला काही धाड भरलेली नाही. खोटं कण्हत होतो. उद्याच्या तांड्याबरोबर जा."

"आणि शेत?"

चुलीपाशी बसलेली उत्तरा म्हणाली, "तू जन्मायच्या आधी काय आम्ही माती खात होतो? जा बाळा. यांची तिफण वाकडी जाते, ते सांगायला मी आहे."

पुढच्या वर्षी दोघांनी अर्धंच शेत पेरलं. बाकीचं गावच्या गुरांना मोकळं सोडलं. उत्तरा गुडघ्यांना फडकी बांधून चाले, आणि सोणक बैलांना तिच्या चालीनं चालवी.

"दाजी, असं शिमग्यापर्यंत पेराल!" मेहुणा बांधावरून ओरडला.

"पेरीन. घाई तुला आहे, आम्हाला नाही."

ही गोष्ट सांगून तथागत बुद्ध भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा पिंगल तो राहुल. उत्तरा ती राहुलमाता. मेहुणा देवदत्त होता. आणि खाटेवरून उठला तो शेतकरी मीच."

कोठारातलं धान्य कुणीही वाटतो. म्हातारपणी हाताशी असलेलं पोर खुशीनं वाटेला लावणं, याला दान म्हणतात.