छत्री धरणारा डोमाजी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणावी तर ही तितकी जुनी नाही. पण जंगलपट्टीत सांगणारी तोंडं वाढली की गोष्टीला वय लवकर चढतं. तर त्या काळी कोसमटोल्याला पक्का रस्ता नव्हता. पावसाळ्यात नदी चार चार महिने गावाला जगापासून तोडून ठेवायची. तेव्हा तिथल्या मंडळ कार्यालयात डोमाजी गेडाम नावाचा शिपाई होता. उंच, वाळका, कमी बोलणारा. झाडू मारणं, पाणी भरणं आणि साहेबांची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेणं, हे त्याचं काम. अकरा पाड्यांतली माणसं कामाला यायची ती आधी त्याच्याजवळ येऊन बसायची, कारण तो कोणाला हाकलत नसे.

एके दिवशी जिल्ह्यावरून कार्यालयाचा पहिला संगणक आला. बैलगाडीतून आला. असं म्हणतात की तो एवढा मोठा होता की आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते म्हणतात, मोठं होतं ते खोकं, संगणक लहानच होता. पण चौकट मात्र खरंच काढली होती.

संगणकाबरोबर छपरावर बसवायची एक छत्री आली, आकाशाकडे तोंड केलेली, पांढरी, परातीसारखी. त्या छत्रीतून नेट उतरायचं. पण उतरायचं ते मोजूनमापून, महिन्याला चाळीस तास. तास संपले की पुढच्या महिन्यापर्यंत पडदा नुसता निळा. सोबत जिल्ह्याचा एक कागदही आला होता. हे यंत्र आणि हे नेट फक्त कार्यालयाच्या कामासाठी, कोणा कर्मचाऱ्याच्या घरच्या कामासाठी नाही, असं त्यात लिहिलं होतं. तो कागद सगळ्यांनी वाचला, सही केली आणि विसरून गेले.

संगणक शिकून आलेला बाबू तरुण होता आणि त्याला गाण्यांचा नाद होता. तो दुपारभर नेटवरून गाणी उतरवून घ्यायचा. एका महिन्यात एकोणीस तारखेलाच तास संपले. नेमकी त्या दिवशी पल्याडच्या पाड्यावरची जायबाई निराधारांच्या पेन्शनचा कागद घेऊन दोन नाले ओलांडून आली. बाबूने सांगितलं, आता पुढच्या महिन्यात या. म्हातारीने ओसरीवर बसून पदराने पाय पुसले आणि उठली. डोमाजीने तिला पाठीवर घेऊन दोन्ही नाले पार करून दिले. त्या वाटेवर तिने त्याला विचारलं, की बाबा, त्या छत्रीतलं संपलं म्हणजे कोणी खाल्लं? असं म्हणतात की त्या दिवशी म्हातारी पिसासारखी हलकी होती, पण तिचा प्रश्न इतका जड होता की परतताना डोमाजीचे पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतत होते.

दोन महिन्यांनी बाबूची बदली झाली. दुसरा कोणी येईना. जो यायचा तो नदी पाहून परत जायचा. मग त्या यंत्रावर बसणार कोण? डोमाजी रोज ते पुसायचा, आणि बाबू होता तेव्हा त्याच्या मागे उभा राहून पाहायचा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो खुर्चीत बसला आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबू लागला. साहेब आधी हसले, मग गप्प झाले, आणि मग रीतसर हुकूम काढून यंत्र त्याच्या ताब्यात दिलं. त्या दिवसापासून चाळीस तास चाळीस तासच राहिले. कोणाचा दाखला, कोणाचा सातबारा, कोणाच्या पोराची शिष्यवृत्ती, असं सगळं पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत चालायचं. कोणी नातेवाइकाचा फोटो बघायला आला, कोणी क्रिकेटचा निकाल विचारला, की डोमाजी हात जोडून म्हणायचा, "हे लोकाइचं हाय जी." आणि पुन्हा पडद्याकडे वळायचा.

लोक कौतुक करायचे, तसे पाठीमागे हसायचेही. एवढं कशाला ताणायचं, दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतं, असं बोलायचे. ते बोलणं कसं थांबलं, ते आता ऐका.

डोमाजीला एकच मुलगी, यशोदा. आई लहानपणीच गेलेली. यशोदा आश्रमशाळेत शिकली आणि नर्सिंगच्या परीक्षेला बसली. निकाल नेटवर लागणार होता. निकालाच्या दिवशी गावातली निम्मी माणसं कार्यालयाच्या ओसरीवर येऊन बसली, कारण संगणक डोमाजीच्या समोर होता, नेट चालू होतं आणि मुलीचा नंबर त्याच्या खिशात होता. डोमाजीने दुपारपर्यंत सहा जणांचे दाखले काढले. मग यंत्र बंद केलं, तीन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि टोपी घालून बाहेर पडला. तालुक्याचं गाव बावीस कोसांवर. नदी अजून उतरली नव्हती, गाडी बंद होती. तो पायी निघाला.

त्या बावीस कोसांबद्दल पुष्कळ सांगतात. नदीवर पोचला तेव्हा डोंगा नव्हता, तर पाणी कमरेपर्यंत खाली बसलं आणि तो पार होताच पुन्हा चढलं, असं म्हणतात. मधल्या घाटात पट्टेदार वाघ वाटेवर आडवा पडला होता. डोमाजी थांबला आणि म्हणाला, "पोरीचा निकाल पाहाले चाललो बाप्पा, जाऊ दे." वाघाने शेपटी आवरून वाट दिली. वाघाचं खरं असो वा नसो, तो दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याच्या बाजारात पोचला हे खरं, कारण तिथल्या संगणकाच्या दुकानदाराने ते पुढे कितीतरी वर्षं सांगितलं. त्याच्या दुकानात चिखलाने माखलेला एक माणूस आला, पैसे आधी ठेवले आणि नंबर पुढे केला. दुकानदार त्याला ओळखत होता. त्याने विचारलं, अरे मामा, तुमच्या हाताखाली तर सरकारी संगणक आहे ना? डोमाजी म्हणाला, "ते सरकारचं हाय. पोरगी माही हाय."

यशोदा पास झाली होती. डोमाजीने बाजारातून पाव शेर पेढे घेतले आणि तसाच परत फिरला. ते पेढे त्याने ओसरीवर वाटले, आणि त्या दिवसापासून त्याच्या पाठीमागे कोणी हसलं नाही.

पुढे पिंपळापुरे नावाचे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. नागपुरात वाढलेला, तिशीतला, आणि इथे एकटा पडलेला. संध्याकाळी ओसरीवर बसून दूरवर बघत राहायचा. डोमाजीला त्याची दया यायची. स्वतःच्या घरून भाजी आणून द्यायचा, नदीकाठी फिरायला न्यायचा. यंत्र मात्र द्यायचा नाही.

त्याच सुमारास सरकारने ठरवलं की पिढ्यान्पिढ्या जंगलातली जमीन कसणाऱ्यांनी दावे पाठवावेत, जमीन त्यांच्या नावे होईल. दावे नेटवरूनच पाठवायचे आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. अकरा पाड्यांनी ग्रामसभा घेतल्या, मोजणी केली, म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले. पण छत्री बिघडली आणि तीन दिवस नेट आलं नाही. ते परत आलं शेवटच्या दिवशीच, सकाळी. चैत्राचं ऊन होतं. माणसं दाव्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन पहाटेच निघाली होती. एकूण एकशे सत्त्याऐंशी कुटुंबं. आणि त्या महिन्याचे तास उरले होते फक्त चार.

डोमाजी पल्याडच्या पाड्याचे गठ्ठे आणायला नदीवर गेला होता. परत आला तेव्हा अकरा वाजले होते आणि त्याच्या खुर्चीत साहेब बसले होते. पडद्यावर मांडव दिसत होता. साहेबांच्या धाकट्या बहिणीचं त्या दिवशी नागपुरात लग्न होतं. रजा मागितली होती, वरून नामंजूर झाली होती. भावाने तिकडून लग्न नेटवर दाखवायची सोय केली होती. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते एक तासापासून बसले होते.

डोमाजी बराच वेळ दारात उभा राहिला. असं म्हणतात की आयुष्यात त्याला तेवढं एकच पाऊल टाकायला जड गेलं. मग तो आत आला, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, उठा जी."

साहेब म्हणाले, मंगलाष्टकं झाली की उठतो, अर्धाच तास. डोमाजी खुर्चीजवळच उभा राहिला. साहेब चिडले. म्हणाले, "मी इथला अधिकारी आहे, डोमाजी. तू मला उठवणार?"

"मी कोण उठवणारा जी," डोमाजी म्हणाला. "लगन तुमच्या घरचं हाय. खुर्ची ह्या लोकाइची हाय."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात माणसं दाटीने बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर कागद. कोणी आवाज करत नव्हतं. बावीस कोसांची गोष्ट साहेबांनी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली होती. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ते उठले नसते. त्यांनी पडद्यावरच्या बहिणीकडे एकदा पाहिलं, मांडव बंद केला आणि उठले.

डोमाजी बसला. एकेक कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवायचा, पडद्यावर त्याची प्रत उमटली की ती वर पाठवायचा. दावा गेला की तो मोठ्याने नाव घ्यायचा आणि अंगणात ते माणूस उभं राहायचं. वीसेक दावे गेले असतील, तोच वारं सुटलं. चैत्रातलं वेडं वारं, पाचोळा आणि धूळ घेऊन आलेलं. छपरावरची छत्री गरकन फिरली आणि नेट गेलं.

डोमाजी शिडीने वर चढला. छत्री हाताने पूर्वीच्या जागी धरली, आणि खालून ओरडा आला की नेट आलं. सोडली की जायचं. दोरी बांधली, तुटली. तेव्हा त्याने छातीशी धरली आणि खाली हाक मारली, "साहेब, आता तुमी बसा."

मग पिंपळापुरे साहेब बसले. ते कागद लावत होते, नावं घेत होते, आणि वर डोमाजी छत्री धरून उभा होता. वाऱ्याने गावातल्या घरांची कौलं उडाली, आंब्याची फांदी मोडून अंगणात पडली. असं म्हणतात की गावातलं एकूण एक झाड वाकलं, पण छपरावरचा तो वाळका माणूस केसभर हलला नाही. वीज त्याच्या डोक्यापर्यंत आली आणि बाजूला वळली. त्याच्या पायांचे ठसे अजून त्या स्लॅबवर आहेत, असंही म्हणतात. काही जण म्हणतात, ते सिमेंट ओलं असताना गवंड्याचे उमटले आहेत. पण ज्यांच्या नावे जमीन झाली त्यांना ते विचारू नका.

अडीच वाजून गेले तेव्हा वारं पडलं. साहेबांनी एकशे शहाऐंशीवं नाव घेतलं. हातात शेवटचा कागद होता. तो काचेवर ठेवला, प्रत उमटली, आणि पडदा निळा झाला. चार तास संपले होते.

साहेबांनी कागदावरचं नाव वाचलं. डोमाजी गेडाम, तीन एकर. त्याने स्वतःचा दावा सगळ्यांच्या खाली ठेवला होता.

डोमाजी खाली उतरला. त्याचे हात उघडत नव्हते, दोघांनी बोटं सरळ केली. साहेबांना तोंड वर करवेना. शेवटी ते म्हणाले, "एक राहिला, डोमाजी. एका मिनिटाने राहिला. माझ्या त्या तासाने राहिला."

डोमाजीने कागद पाहिला. त्या तीन एकरांत त्याचा बाप नांगर धरायचा. मग त्याने विचारलं, "एकशे शहाऐंशी गेले ना जी?"

"गेले."

"मग पाणी प्या साहेब. सकाळपासून काही घेतलं नाही तुमी."

पिंपळापुरे साहेबांनी त्या एका दाव्यासाठी पुढे सात वर्षं पत्रं लिहिली. दर वेळी उत्तर आलं, मुदत टळली. स्वतःची बदली दोनदा आली ती त्यांनी परतवली. डोमाजी निवृत्त झाला, यशोदाच्या दवाखान्याजवळ राहायला गेला, आणि एका माघात, शांत झोपेत गेला. त्याचे तीन एकर जंगलातच राहिले. तिथे आता मोहाची झाडं आहेत, आणि त्यांची फुलं कोणी एकट्याने वेचत नाही, अकरा पाडे मिळून वेचतात.

आता कोसमटोल्याला रस्ता आहे, तारेतून येणारं नेट आहे, तास मोजावे लागत नाहीत. छत्री निकामी झाली, तरी कोणी उतरवलेली नाही. चैत्रात तो दिवस आला की कार्यालयातली सगळी माणसं आपापले मोबाइल एका टोपलीत ठेवतात आणि दिवसभर उभ्याने काम करतात. त्या वर्षी जो नवा कर्मचारी आलेला असेल, मग तो शिपाई असो की साहेब, तो शिडीने वर चढतो आणि दोन्ही हातांनी छत्री धरून उभा राहतो. पहिल्या वर्षी पिंपळापुरे साहेब चढले होते.

खाली अंगणात पाड्यांवरच्या बाया एकेक नाव मोठ्याने म्हणतात. नाव आलं की त्या घरचं माणूस उभं राहतं. पाऊण तास तरी लागतो. वरच्याचे हात भरून येतात, पण तो उतरत नाही, आणि त्याला कोणी उतर म्हणत नाही. एकशे शहाऐंशी नावं सरकारच्या यादीत आहेत, ती तशीच क्रमाने घेतात. त्यानंतर बाया जरा थांबतात आणि जे नाव कुठल्याच यादीत नाही ते घेतात. तेव्हा सगळं अंगण उभं राहतं, आणि वरचा माणूस छत्री सोडतो.