पाचवा घास

वेत्रपुरात सुदर्शन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व नगरापलीकडच्या डोंगरात चितळांच्या एका कळपाचे नायक होते. कळपात त्यांनी एक नवी रीत घातली होती. नव्या पाडसाला सहा महिन्यांच्या आत पाच जागी न्यायचे आणि तिथला एकेक घास खायला लावायचा. माळावरचे गवत, ओढ्याकाठची जांभळाची पाने, बांबूचे कोंब, टेकडीवरचे आवळे आणि उत्तरेच्या खोल घळीतला उंबराचा पाला.

शबला पहिलटकरीण होती. टिकली नावाचे पाडस झाल्यापासून तिची झोप उडाली होती. पान हलले की ती दचके, मग स्वतःलाच हसे. आणि डोक्यात सदा प्रश्न.

"काका, माळावर गुडघाभर गवत आहे. मग लेकराला काट्याकुट्यांतून कशाला न्यायचं?"

"पुढच्या साली काय होईल ते मला ठाऊक नाही, म्हणून," बोधिसत्त्व म्हणाले.

"ठाऊक नसणं हेही कारण असतं?"

"माझ्याजवळ तेवढंच आहे, बाई."

कर्कशृंग नावाचा दांडगा नर चरता चरताच म्हणाला, "माळावर पहिलं चरायचा मान नायकाचा. तो सोडून हे रोज सकाळी पोरांची वरात काढतात."

चार घास झाले. घळीच्या काठावर मात्र शबलाच थबकली. सुटे दगड, खाली खोल अंधार. ती तशीच परतली आणि म्हणाली, "झाला पाचवा घास."

बोधिसत्त्वांनी टिकलीचे तोंड हुंगले आणि ते पुढच्या पाडसाकडे वळले.

त्या वर्षी ऋतूंचे गणितच बिघडले. माघातच ऊन भाजू लागले. माळ पिवळा पडला, ओढा आटला.

बोधिसत्त्वांनी घळीच्या काठाशी कळप गोळा केला. "सगळे एकाच जागी गेलो, तर ती जागाही संपेल. काहींनी टेकडीवर जा, काहींनी बांबूत. लेकुरवाळ्यांनी घळीत उतरा. तिथे ऊन पोचत नाही, कड्यातून पाणी पाझरतं. पाडसांना वाट माहीत आहेच."

कर्कशृंग पुटपुटला, "मला माळाखेरीज काहीच माहीत नाही."

"माझ्यामागून ये."

शबला जागची हलेना. "काका, मी खोटं बोलले. टिकली घळीत कधी उतरलीच नाही."

"तिच्या तोंडाला उंबराचा वास नव्हता. तेव्हाच कळलं."

"मग रागावला का नाहीत?"

"आधीच घाबरली होतीस. आणखी घाबरली असतीस."

एवढ्यात टिकली काठावरून खाली उतरूही लागली होती. शबला हाका मारत मागे धावली.

"आई, त्या दगडावर नको, डुगडुगतो तो. इकडून ये."

"तुला कोणी सांगितलं?"

"नायक आजोबांनी. तू झोपली होतीस ना, तेव्हा आम्ही आलो होतो. दोनदा."

शबलाने मागे पाहिले. बोधिसत्त्व कर्कशृंगाला घेऊन टेकडीकडे वळले होते. मग तिने लेकीच्या खुरांच्या ठशांत आपले खूर ठेवले आणि ती एकेक पाऊल उतरत गेली. खाली गारवा होता. उंबर हिरवा होता.

सभेला ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा कर्कशृंग म्हणजे मागच्या रांगेत पेंगणारा हा भिक्षू. टिकली म्हणजे त्याला जागं करणारी ही नवदीक्षित छोटी श्रामणेरी. शबला म्हणजे, 'उद्याचं कळत नाही, मग आज काय करू?' असं आता मला विचारणारी ही उपासिका. नायक मी होतो. उद्याचं कळत नाही हे ओळखून आजच अनेक वाटा पायाखाली घालणं, आणि ज्याला धीर होत नाही त्याच्या लेकरालाही सोबत नेणं, याला प्रज्ञा म्हणतात."