ढोलीबाहेरचा आवाज

एका डोंगराळ जंगलात, सावरीच्या झाडावर, एक कोतवाल पक्षी राहत असे. अंगाने काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला एकेक पीस. पण मुलांनो, त्याची खरी ऐट होती ती नकलांची. बुलबुलाचा गोडवा, मैनेची बडबड, घुबडाचा घुमणारा आवाज, सगळे तो इतके हुबेहूब काढी की खुद्द मैनेनेही वळून पाहावे. स्वतःच्या आवाजात मात्र तो कधी बोलत नसे. तो आवाज होता जाडाभरडा, मध्येच चिरकणारा. लहानपणी भावंडे एकदा त्या आवाजाला हसली होती. तेवढे त्या वेड्याला जन्मभर पुरले.

शेजारच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. धनेशांची रीतच अशी, की मादी आत गेली की ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून टाकायचे आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवायची. दोन-तीन महिने ती आत अंधारात, आणि नर बाहेरून फळे आणून भरवणार. बिचारी अगदी कंटाळून जाई. कोतवालाला तिची कणव येई. म्हणून रोज दुपारी तो जवळच्या फांदीवर बसून तिला गोष्ट सांगू लागला. एक दिवस बुलबुलाच्या आवाजात राजबागेतल्या फुलांची, दुसऱ्या दिवशी मैनेच्या आवाजात राण्यांच्या भांडणांची. ना ती बाग त्याने कधी पाहिली होती, ना त्या राण्या. गोष्ट संपली की आतून शाबासकी येई, "छान हो बुलबुलताई! उद्या या हं."

मनातून कोतवालाला फार वाईट वाटे. पण 'ताई नाही, मी आहे' असे सांगायचे, तर स्वतःचा आवाज काढावा लागला असता ना!

यथावकाश दोन पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. आणि एक दिवस, सकाळी गेलेला नर दुपार कलली तरी परतला नाही. पिल्ले भुकेने कळवळत होती. त्यांच्या अंगावर अजून पीससुद्धा नव्हते. "आता मीच जाते," म्हणत आई भिंतीवर चोच मारू लागली. चिखलाचा एक पोपडा खाली पडला. कोतवालाने खाली पाहिले. बुंध्याशी एक घोरपड मान वर करून ढोलीकडे बघत होती. भिंत फुटून आई उडाली, की पिल्लांचा घास व्हायला कितीसा वेळ?

"थांबा! खाली घोरपड आहे!" तो ओरडला, पण सवयीने बुलबुलाच्या आवाजात.

"बुलबुलताई, आज गोष्ट नको," ती म्हणाली आणि चोच मारत राहिली.

कोतवालाने घाईघाईने घुबडाचा आवाज काढला. "मुली, थांब!"

"घुबडआजोबा दिवसाढवळ्या झोपलेले असतात. माझा जीव जातोय आणि तुम्हाला थट्टा सुचते?"

दुसरा पोपडा पडला. आता मात्र कोतवालाला आवाज निवडायला वेळच मिळाला नाही. "काकू, नका हो फोडू!" तो ओरडला. आवाज चिरकला, फाटला.

आत चोच थांबली. "कोण तुम्ही? हा आवाज मी कधी ऐकला नाही."

"मी शेजारचा कोतवाल. खाली घोरपड टपलीय. गेल्या उन्हाळ्यात माझंही घरटं होतं, काकू. तीन पिल्लं. ढग गडगडले म्हणून मी बघायला शेंड्यावर गेलो, क्षणभरच. परत आलो तर बेचक्यात एक पीस होतं. शिकऱ्यानं तेवढंच ठेवलं होतं. दोन दिवस मी रिकाम्या घरट्यावर बसून होतो. ऊब देत. कुणाला, ते विचारू नका."

ती हळूच म्हणाली, "आणि मग?"

मग तो सांगत राहिला. त्या शिकऱ्याला रोज पाठलाग करून कसे टोचले, एकदा घाईत भलत्याच घारीला कसे टोचले आणि तिची माफी मागताना कशी तारांबळ उडाली, सगळे सांगितले. ती हसली. तिने पिल्लांना पंखाखाली घेतले. वाट पाहून कंटाळलेली घोरपड निघून गेली. सूर्य टेकता टेकता नर आला. जवळची उंबरे संपली म्हणून तो दोन डोंगर पलीकडे गेला होता.

त्यानंतर रोज दुपारी ढोलीबाहेर तोच चिरका आवाज येऊ लागला. आवाज काही सुधारला नाही, गोष्टी मात्र फार रंगत.

महिन्याभराने भिंत फुटली आणि आई बाहेर आली. तिला भेटायला साऱ्या जंगलातले पक्षी जमले होते. कोतवाल लाजून सगळ्यांच्या मागे बसला होता. तिने त्याला कधी पाहिलेच नव्हते. पण तिचे आखडलेले पंख डगमगले आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "जपून हं, काकू!"

ती कुणाकडे न बघता त्या गर्दीवरून थेट उडत आली आणि त्याच्या शेजारी टेकली. "तुम्हीच ते," ती म्हणाली. "आता सांगा, आजची गोष्ट कुठली?"

तात्पर्य : दुसऱ्याच्या आवाजात सांगितलेल्या गोष्टीची शाबासकी त्या दुसऱ्यालाच मिळते. आपण पाहिले, सोसले ते आपल्याच आवाजात सांगावे. तो चिरका असला, तरी ऐकणारा आपल्याला ओळखतो तो त्याच आवाजावरून.