दुर्जयरावांच्या नाकाचा साचा

कर्दळगडच्या दुर्जयरावांनी भरदरबारात जाहीर केलं, की राज्यात यापुढे एकच वंश आणि एकच नेता. दोन वंश नदीच्या एका काठावर राहणार नाहीत. शुद्ध रक्त नाकावरून ओळखायचं आणि ज्याचं नाक मापात बसणार नाही त्याला नदीपार घालवायचं. सगळा रोख चपट्या नाकाच्या नावाड्यांवर होता.

मापाचा पितळी साचा करायला यसूबाई तांबटिणीला बोलावलं. तिने विचारलं, "सरकार, नमुना कुणाच्या नाकाचा घेऊ?"

"माझ्या. दुसरं आहे कुठे त्या तोडीचं?"

यसूबाईने साचा असा हुबेहूब केला, की नाकाचा बाक आणि डावीकडची चामखीळसुद्धा त्यात उतरली.

चौकात मोजणी सुरू झाली. नावाड्यांची नाकं साच्यात बसली नाहीत तेव्हा शिपाई खूष झाले. मग शिपायांची पाळी आली, त्यांचीही बसेनात. राजपुरोहितांचं नाक अडकलं ते तेल लावून काढावं लागलं. दुर्जयरावांच्या सख्ख्या भावाचं आत खुळखुळलं. बायका तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या.

"साचा खोटा आहे," म्हणत दुर्जयरावांनी तो स्वतःच्या नाकावर चढवला. चामखिळीसकट चपखल बसला.

दिवाणजी नाक चोळत म्हणाले, "आता अख्खं राज्य नदीपार न्यायचं?"

"कशाला?" यसूबाई म्हणाली. "दोन वंश एका काठावर नकोत, एवढंच ना? एका वंशात आपण सगळे, दुसऱ्यात सरकार एकटे. एक होडी पुरेल."

चपट्या नाकाचा एक नावाडी वल्हं घेऊन अदबीने पुढे आला.