शेंड्यावरचा गडी

त्या राज्यात सगळी माणसं एकाच काळ्या ओंडक्यातून कोरलेली होती आणि एकमेकांच्या अंगाखांद्यावर उभी होती. अगदी तळाशी, वरच्या ओठात लाकडी चकती घातलेली म्हातारी, तिच्यावर लेकी-नाती, पाणी भरणाऱ्या बायका, ढोल बडवणारे बाप्ये, आणि अगदी शेंड्यावर एक उंच गडी.

हे सारं घडवलं होतं एका तासणीने. ते लाकूड म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. साल काढली की फिकट, आणखी आत गेलं की काळंकुट्ट आणि इतकं कठीण, की भल्याभल्या हत्यारांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. तासणी मात्र हट्टाची. धार गेली की दगडावर घासून पुन्हा हजर! खिळा नाही, सांधा नाही, डिंकाचा थेंब नाही. लाकूड वळलं तशी ती वळली. गाठ लागली तिथे गुडघा काढला, खळगा लागला तिथे कडेवरचं मूल बसवलं. खरंच, तिच्या कामाला तोड नव्हती.

शेंड्यावरच्याला ऊन आधी मिळे, वारा आधी लागे. हळूहळू त्याच्या डोक्यात हवा गेली. एके सकाळी त्याने करवतीला बोलावलं.

"मला या गर्दीतून मोकळं कर," तो म्हणाला.

"अरे बाबा, तुला मी वेगळा घडवलेलाच नाही रे!" तासणी कळवळून म्हणाली.

"तासणीबाई, तुमचं काम झालं. आता बाजूला व्हा."

करवत कामाला लागली, पण कापायचं कुठे? त्याचा पाय कुणाच्या खांद्यात उतरलेला, तो खांदा कुणाच्या केसांत, ते केस कुणाच्या ओंजळीत. हद्द शोधत शोधत बिचारी पार तळाशी पोचली.

"हिच्यापाशी कापू?" तिने खालून विचारलं.

"काप की! ती म्हातारी कुणाच्या नजरेला पडते एवढी?"

तासणीने डोळे मिटून घेतले. ढोल बडवणाऱ्यांचे हात थबकले.

करवतीने म्हातारीच्या खांद्यात पहिला दात रुतवला. म्हातारीने हूं की चूं केलं नाही. किंकाळी फुटली ती थेट शेंड्यावरून.